कांदा चाळीत सडतोय तरी विकवत नाही, हे नक्की काय असतं?

उन्हाळकांदा | ११ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

मंडळी, आधीच सांगतो, 'भाव वाढेल का' हे विचारायला धागा काढलेला नाही. ते कुणालाच माहीत नसतं. ज्याला माहीत असतं त्याची आमच्या फाट्यावर चहाची टपरी आहे आणि आमचे नाना रोज तिथेच बसतात.

आम्ही चांदवड तालुक्यातले. मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, पंधरा दिवसांनी घरी जातो. शेती वडील बघतात. नाना, वय ६८. यंदा दोन एकर उन्हाळ कांदा होता. एप्रिलच्या शेवटी २१० क्विंटल चाळीत, म्हणजे फळ्यांच्या हवेशीर कोठारात, भरला. ट्रॉलीचा काटा करून भरला, म्हणून आकडा पक्का. १ एप्रिलपासून निर्यातशुल्क उठलं होतं, त्यामुळे जो तो म्हणत होता की यंदा कांदा चालणार.

जूनमध्ये वटपौर्णिमेच्या आठवड्यात एक शिवार खरेदीवाला, म्हणजे शेतावर येऊन माल घेणारा व्यापारी, आला. चाळीचे चार खण (कप्पे) उकरून बघितले, जागेवर क्विंटलला १७५० देतो म्हणाला, गाडी त्याची, भरणी त्याची. नाना म्हणाले, "पंचवीसशेच्या आत चाळीची फळी निघणार नाही." तो चहा पिऊन गेला.

हे पंचवीसशे कुठून आले? मी बराच विचार केला. तर वरच्या मळ्यातल्या आप्पांनी गेल्या वर्षी जूनमध्ये पंचवीसशेने दिला होता, आणि आम्ही त्याच्या आधी दीड हजाराच्या आतबाहेर देऊन बसलो होतो. म्हणजे हा भाव बाजारातला नाही. आप्पांच्या मागच्या वर्षीच्या पट्टीवरचा, विक्रीच्या पावतीवरचा, आहे.

मग जुलैत दीड हजार झाले. नाना म्हणाले, १७५० परत आले की देऊ. ऑगस्टात तेराशे झाले. म्हणाले, दीड हजार आले की देऊ. जूनमध्ये १७५० हा अपमान होता, आता तो स्वप्नात येतो. परवा उमराण्याच्या बाजारात चांगला माल १०५० ने गेला. आमच्याकडे चांगला किती उरलाय ते चाळ फोडल्याशिवाय कळणार नाही, आणि चाळ कुणी फोडत नाही. पश्चिमेच्या बाजूने तळाच्या फळ्यांतून काळपट पाणी ठिबकतंय. तो वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. शर्टाला लागतो, आणि सोमवारी सकाळी एसटीत शेजारी बसलेला माणूस पिंपळगावच्या आधीच उठून दाराशी जातो.

आता खरं सांगायचं ते असं. गेल्या महिन्यात मी नानांना चांगलं तासभर सुनावलं. बायको भाकऱ्या टाकत होती. तिने तव्यावरून मान न उचलता विचारलं, "तुमच्या त्या शेअरचं काय झालं?"

२०२१ मध्ये मी दोन कंपन्यांचे शेअर घेतले होते. एक चाळीस टक्के चढला, तो मी तीन महिन्यांत विकून मोबाईल घेतला. दुसरा निम्म्यावर आला. तो अजून आहे. ॲप मोबाईलमधून काढून टाकलंय म्हणजे दिसायला नको.

तर प्रश्न हा, की गणित समजतं, तोटा नाकाला लागतोय, तरी हात का हलत नाही? नानांचाही आणि माझाही. आणि त्यांच्याशी बोलायचं कसं? 'चुकलं' हा शब्द निघाला की ते उठून गोठ्यात जातात.

---

झणझणीत_रस्सा | ११ ऑक्टोबर, रात्री ११.०५

तुमचे नाना आणि माझे सासरे जत्रेत हरवलेले भाऊ दिसतात.

सासऱ्यांकडे जुनी स्कूटर आहे. भंगारवाला तीन हजार द्यायला तयार होता. सासरे म्हणाले, "आत्ताच इंजिनचं काम केलंय, साडेचार हजार घातलेत, तीनला कशी देऊ?" पुढच्या वर्षी कार्ब्युरेटर, मग सीट, मग टायर. आता घातलेले अकरा हजार झालेत आणि भंगारवाला बाराशे म्हणतो. मांजर त्या सीटवर दोनदा व्यालंय.

उत्तर माझ्याकडे नाही. वाचतोय.

---

चष्मेवाली | १२ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

मी पुण्यात मानसशास्त्र शिकवते. कांद्यातलं चिरण्यापुरतंच कळतं, तेव्हा चाळीबद्दल काही चुकीचं बोलले तर कान धरा.

तुम्ही स्वतःच अर्धं उत्तर लिहिलंय, "आप्पांच्या पट्टीवरचा भाव". १७५० ची बोली आली तेव्हा नानांना हाताशी आलेले तीनेक लाख रुपये दिसलेच नाहीत. त्यांना क्विंटलमागे साडेसातशे गेलेले दिसले. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नेमकं हेच मांडलं. पदरात किती पडलं हे माणूस मोजत नाही, मनात जो आकडा धरलाय त्याच्या वर की खाली एवढंच मोजतो. खाली गेलेलं जास्त झोंबतं. पुढे १९९२ मध्ये त्यांनी त्याचा अंदाजही काढला, सुमारे सव्वादोन पट. पाचशेची नोट हरवली तर दुसरी पाचशेची सापडून मन शांत होत नाही, असं समजा.

पण तुमच्या चाळीला याहून जवळचा एक प्रयोग त्याच १९७९ च्या लेखात आहे. लोकांना विचारलं, तीन हजारांचा तोटा नक्की घेता, की असं काही घेता ज्यात ८० टक्के शक्यता चार हजारांच्या तोट्याची आणि २० टक्के शक्यता काहीच न जाण्याची? ९२ टक्के लोकांनी दुसरं घेतलं. हिशोबाने ते जास्त महाग आहे, सरासरी ३२०० जातात. पण 'काहीच न जाण्याची' ती फट सोडवत नाही. हाच प्रश्न फायद्याच्या बाजूने विचारला, तीन हजार नक्की की ८० टक्के शक्यतेने चार हजार, तर ८० टक्के लोक गुपचूप तीन हजार घेऊन घरी जायला तयार होते. फायद्यात असताना आपण भित्रे असतो आणि तोट्यात शिरलो की जुगारी होतो.

म्हणून तुमचा चढलेला शेअर तीन महिन्यांत गेला आणि पडलेला चार वर्षं घरात आहे. शेअरबाजारातल्या या सवयीवर हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय. तेव्हा बायकोचा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता, त्यांना सांगा.

एक विचारू? नानांनी पूर्वी कधी लवकर विकून पस्तावा केलाय का? इतका घट्ट धरलेला आकडा नुसत्या हावेतून येत नाही सहसा.

---

काटापावती | १२ ऑक्टोबर, दुपारी १.१५

मी नऊ वर्षं एका व्यापाऱ्याकडे बाजार समितीत काटापट्टी लिहिली. वरचं सगळं वाचलं. ठीक आहे. पण शहरातल्या लोकांना एक गोष्ट सांगून ठेवतो. कांदा थांबवणं हा डोक्यातला बिघाड नाही. एप्रिल-मे महिन्यात सगळ्यांनी एकदम ओतला तर हमालीही सुटायची नाही. थांबता येणं हीच शेतकऱ्याची एकमेव ताकद, म्हणून तर चाळी बांधल्या. सरकारनेही त्यासाठी अनुदान दिलं.

आणि भाव पडतो तो काय नानांच्या मनाने पडतो का? १९ ऑगस्ट २०२३, शनिवार. ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. सोमवारी लिलाव बंद. त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातच बंद, ती मे २०२४ पर्यंत. त्या डिसेंबरात ज्याने आदल्या आठवड्यात विकला तो गावात हुशार ठरला आणि ज्याने थांबवला तो येडा ठरला. आधी दोघांनाही काही माहीत नव्हतं. मग हुशारी कुणाची आणि येडेपणा कुणाचा?

पण एक कबूल करतो. बंदीनंतरच्या पहिल्याच लिलावाला माझा शेठ सकाळी साडेनऊला उभा होता. त्याचा माल बंदराच्या वाटेवर अडकलेला, लाखांत तोटा. पडत्या भावाने तो विकून मोकळा झाला आणि त्याच भावाने नवा घ्यायला लागला. मी विचारलं, शेठ, वाईट नाही वाटत? म्हणाला, "माल पाहुणा असतो. जेवू घालायचा आणि वाटेला लावायचा." शेतकऱ्याला हे जमत नाही, कारण त्याचा माल पाहुणा नसतो. रोप टाकल्यापासून पाच महिने त्याने तो अंगाखांद्यावर वाढवलेला असतो.

---

चष्मेवाली | १२ ऑक्टोबर, दुपारी २.४०

काटापावती, पूर्ण पटलं. थांबणं चूक नाही. किती थांबायचं हा आकडा आप्पांच्या पट्टीतून यावा एवढंच खटकतं. आणि निकाल बघून माणसाला हुशार किंवा येडा ठरवणं हीसुद्धा आपली मोठी खोड आहे, तुम्ही ती नेमकी पकडलीत.

तुमच्या शेठवर मात्र प्रयोग झालाय असं म्हणता येईल. जॉन लिस्ट नावाच्या अर्थतज्ज्ञाने खेळाडूंची छायाचित्रं असलेली कार्डं जिथे विकली जातात त्या अमेरिकन बाजारात जाऊन पाहिलं (२००३ चा लेख). नवशिक्याला हातात आलेली वस्तू बदलवत नाही. मुरलेला व्यापारी सहज बदलतो. मनाचा कच्चा-पक्का असण्यापेक्षा सराव किती झाला याच्याशी त्याचा संबंध दिसतो. आता हिशोब करा, नाना वर्षातून एक-दोनदा विकतात. चाळीस वर्षांत साठ-सत्तर वेळा. तुमचा शेठ तेवढं एका आठवड्यात करत असेल.

---

उन्हाळकांदा | १२ ऑक्टोबर, रात्री ९.३०

चष्मेवाली ताई, तुम्ही विचारलंत म्हणून आईला फोन केला. आहे. २०१९.

त्या वर्षी नानांनी जुलैमध्ये चौदाशेने सगळा कांदा दिला. बहिणीचं लग्न ठरलं होतं. सप्टेंबरात भाव चार हजारांच्या वर गेला. मग सरकारने निर्यात बंद केली, मग अवकाळी पाऊस, आणि डिसेंबरात शहरात किरकोळीला किलोची शंभरी ओलांडली. टीव्हीवर रोज कांदा. आई म्हणाली, "तेव्हापासून ते टीव्हीवर कांदा दिसला की उठून जातात." मी त्या घरात राहत होतो आणि मला हे कधी दिसलं नाही.

---

काटापावती | १२ ऑक्टोबर, रात्री १०.१०

नानांना माझा निरोप द्या. डिसेंबर २०१९ चा शंभरीचा कांदा बहुतेक लाल, म्हणजे खरिपाचा नवा होता, आणि तोही पावसाने झोडपलेला. उन्हाळ कांदा तोवर चाळीतून संपत आला होता, म्हणून तर भाव चढला. जुलैतला त्यांचा कांदा डिसेंबरपर्यंत टिकलाच नसता. पस्तावा करायचाच तर सप्टेंबरच्या चार हजारांचा करा. शंभरीचा करू नका, ती कधी त्यांची नव्हतीच.

---

बांधावरची | १३ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

मी येवला तालुक्यातली. बांधावर बसून मोबाईलवर लिहितेय, काना-मात्रा सांभाळून घ्या.

आमच्याकडे सासूबाईंनी लावलेली एक पद्धत आहे. चाळ भरताना मधल्या खणात वाशाला जाळीची एक गोणी टांगायची. बरोबर ५० किलो, निवडून घेतलेला नाही, जसा येईल तसा. दर पौर्णिमेला ती उतरवायची, सडका आणि कोंब आलेला काढून टाकायचा, उरलेला काट्यावर ठेवायचा आणि खडूने फळीवर आकडा लिहायचा. मग परत टांगायची. यंदाचे आकडे फळीवर बघूनच लिहिते:

भरताना ५०. वटपौर्णिमेला ४६.५. गुरुपौर्णिमेला ४४. नारळी पौर्णिमेला ४१. भाद्रपदात ग्रहणाच्या पौर्णिमेला ३७. परवा कोजागरीला ३२.५ (चाळ झाडली तरी गोणी टांगलेलीच आहे).

चाळीकडे बाहेरून बघितलं तर ती एप्रिलमध्ये दिसायची तशीच दिसते. पत्ती थोडी उडते, ढीग जरा बसतो, बाकी काही कळत नाही. गोणी मात्र खरं बोलते. माझे मिस्टर जुलैत "थांबू" म्हणाले होते, मी त्यांना काही बोलले नाही, फळीसमोर नेऊन उभं केलं.

दुसरं म्हणजे आम्ही भरतानाच तीन भाग करतो. पहिला भाग जूनमध्ये, जो भाव असेल त्याला. त्यातून काढणीची मजुरी, औषधांची उधारी आणि सोसायटीचा हप्ता. हे भागलं की घरात कुणी कुणावर ओरडत नाही. दुसरा नारळी पौर्णिमेच्या सुमारास. तिसरा भाग लॉटरीचा. लागली तर लागली. पण नवरात्रात घट बसायच्या आत चाळ झाडून काढायची म्हणजे काढायची, भाव दोन हजार असो की दोनशे. यंदा तिसऱ्यात मार खाल्ला. पहिल्यात १६८० मिळाले होते, त्यामुळे झोप लागते.

मिस्टर याला कसलंसं इंग्रजी नाव सांगतात. सासूबाई म्हणायच्या, "एप्रिलमध्ये डोकं ठिकाणावर असतं, तेव्हाच ठरवून ठेवावं."

---

उन्हाळकांदा | १३ ऑक्टोबर, रात्री ११.५५

बांधावरची ताई, तुमच्या गोणीने आमची झोप उडवली.

तुमचे आकडे आमच्या चाळीला लावून बघितले. चाळ वेगळी, माल वेगळा, मान्य. पण अंदाजाला बरे.

वटपौर्णिमेला ५० चे ४६.५, म्हणजे आमच्या २१० चे १९५.३ क्विंटल. १७५० ने ३,४१,७७५ रुपये झाले असते.

आता ५० चे ३२.५, म्हणजे १३६.५ क्विंटल. आज नानांच्या मनातला भाव मिळाला, पूर्ण पंचवीसशे, तर ३,४१,२५०.

मी कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. चार महिने थांबून, भाव साडेसातशेने वाढला असता, तरी आम्ही ५२५ रुपयांनी खालीच राहिलो असतो. निवडणीची मजुरी वेगळी. ज्या दिवसाची वाट बघत होतो तो उजाडला असता तरी आम्ही हरलेलेच होतो. (आजच्या १०५० ने होतात १,४३,३२५. ते लिहायला नको वाटतं म्हणून कंसात.)

आणि याहून वाईट म्हणजे, घरात आजही सगळे "आपला दोनशे दहा क्विंटल" असंच बोलतात. मीसुद्धा. क्वालिटीत नोकरी करतो, रोज मायक्रोमीटर हातात असतो, आणि सहा महिन्यांत एकदाही मनातला आकडा २१० वरून हलला नाही. भाव रोज मोबाईलवर येतो, वजन कुणी पाठवत नाही.

आता हे नानांना कसं सांगू? कागद समोर ठेवला तर गोठा ठरलेला आहे.

---

चष्मेवाली | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

कागद ठेवू नका. कागदाचा अर्थ 'तुमचं चुकलं' असाच होतो.

त्याऐवजी एक प्रश्न विचारून बघा. चाळ रिकामी आहे आणि खिशात दीड लाख रुपये आहेत असं समजा. आज हाच कांदा या भावाने विकत घेऊन भराल का? भरणार नसाल तर तो ठेवणं आणि आज विकत घेणं यात फरक काय? हा प्रश्न भूतकाळाला हात लावत नाही. जून नाही, आप्पा नाहीत, २०१९ नाही.

आणि त्यांना स्वतःच्या हाताने चार कांदे निवडू द्या. दुसऱ्याने सांगितलेल्या तोट्याशी माणूस भांडतो.

बांधावरची, तुमच्या सासूबाईंच्या वाक्यावर मला वर्गात एक तास घेता येईल. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी तोडणीच्या आधी आणि नंतर घेतली होती. २०१३ मध्ये तो अभ्यास छापून आला. माणसं तीच, पण तोडणीआधी पैशाची ओढाताण असताना त्यांची उत्तरं जास्त चुकली, ऊस जाऊन पैसे हातात आल्यावर सुधारली. तेव्हा पहिला भाग विकून उधारी भागवायची, मगच पुढचा विचार करायचा, हा क्रम फार शहाणपणाचा आहे. एप्रिलमध्ये डोकं ठिकाणावर असतं की नसतं ते मात्र मला सांगता येणार नाही. उन्हात बसून कांदा कापणाऱ्याला विचारा.

---

बांधावरची | १४ ऑक्टोबर, दुपारी ४.००

उन्हात कसलं डोकं! सासूबाई काढणी झाल्यावरचं म्हणायच्या 🙂

---

उन्हाळकांदा | २ नोव्हेंबर, रात्री ८.१५

उशीर झाला, दिवाळी होती.

धनत्रयोदशीला घरी गेलो. संध्याकाळी नानांना म्हटलं, दिवाळीला पाहुणे येतील, पश्चिमेकडून दहा कॅरेट काढून निवडू, घरी खायला होतील. ते तयार झाले. फळी त्यांनीच काढली. पहिला हात घातला तो मनगटापर्यंत आत गेला. वरून कोरडे दिसणारे कांदे बोटाने दाबले की फुटत होते. नाना काही बोलले नाहीत. पायरीवर बसले आणि निवडायला लागले. चांगला एकीकडे, गोल्टी (बारीक कांदा) एकीकडे, काजळी (काळी बुरशी) लागलेला तिसरीकडे, सडका घमेल्यात. अंधार पडल्यावर आईने बल्ब लावून दिला. दहा कॅरेटमधून सहा भरली नाहीत.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला. रिकामी चाळ, खिशात दीड लाख, घ्याल का?

नाना लगेच म्हणाले, "येडा झाला का? असला माल कोण घेईल?"

मग घमेल्याकडे बघत बसले. मी पुढे काही बोललो नाही, हे माझं मला नवल वाटलं.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "पैशाचं नाही रे. एकोणीसला सारं गाव हसलं. नाना घाईचा म्हणून."

आई ओट्यावर चकलीचा सोऱ्या धुवत होती. तिथूनच म्हणाली, "कोण हसलं? कुणी नाही हसलं. आप्पा एकदा म्हणाले होते, घाई झाली म्हणून. ते पण त्यांच्या स्वतःच्या कांद्याचं बोलत होते. त्यांनी तर तुमच्याही आधी दिला होता."

नानांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याशी बोललं होतं. आता मला वाटतं ते पंचवीसशे हा भाव नव्हताच. आप्पांच्या समोर टपरीवर बसता यावं, त्याची ती किंमत होती. २०१९ ला घाई केली, गेल्या वर्षी घाई केली, आता तिसऱ्यांदा घाईचे ठरायचं नाही, मग चाळ गेली तरी चालेल. नाना असं म्हणाले नाहीत, हे माझं म्हणणं. काटापावतींचा लाल कांद्याचा निरोपही दिला. "ते मला माहीत नाही का," म्हणाले. माहीत होतं. त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लिलाव सुरू झाले तसे चार खेपा उमराण्याला केल्या. दोन खेपा ६४ क्विंटल, ११२० ने. दोन खेपा ५७ क्विंटल, ९८० ने, त्यात काजळी होती. वर नऊ क्विंटल खाद, म्हणजे हलका खराब माल, तीनशेने. सगळे मिळून १,३०,२४० रुपये, हमाली-तोलाई वजा व्हायची. ताईंच्या गोणीने १३६ सांगितले होते, निघाले १३०.

पहिल्या खेपेची पट्टी हातात आल्यावर नानांनी ती घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "आप्पाचं कळलं का काही?" आप्पांचा अजून चाळीतच आहे. नाना रोज संध्याकाळी त्यांच्या मळ्याकडे चक्कर मारतात. काय बघायला जातात ते विचारलं नाही.

चाळ झाडून झाली. मधल्या खणाच्या वाशाला नानांनी एक हूक ठोकलाय. कशाला ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

---

झणझणीत_रस्सा | २ नोव्हेंबर, रात्री ८.४०

सगळं वाचलं. डोळे ओले झाले, कांद्याने असेल. पण मूळ धाग्यातली एक गोष्ट राहिली. शेअरचं काय केलंत?

---

उन्हाळकांदा | २ नोव्हेंबर, रात्री ९.२०

तो आहे अजून.

त्याला वास येत नाही ना.